मुक्तिबोधांच्या नावाचा पुरस्कार
(स्मृती व्याख्यानमालेत पौड येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आज ज्या पुरस्कारांबद्दल बोलणार आहे त्यांची बातमी मराठी वर्तमानपत्रात आलीच तर आतल्या पानावर, चार ओळींत येते. महाराष्ट्र राज्य हिंदी साहित्य अकादमी नावाची सरकारी संस्था मुंबईत आहे. महाराष्ट्रात राहून हिंदीत लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांना ती पुरस्कार देते. पद्धत सरकारी छापाची: जाहिरात निघते, अर्ज भरायचा, पुस्तकाच्या प्रती जोडायच्या, वास्तव्याचा पुरावा लावायचा आणि वाट बघायची. कवितेचा पुरस्कार संत नामदेवांच्या नावाचा, कादंबरीचा जैनेंद्रकुमारांच्या, पत्रकारितेचा बाबूराव विष्णु पराडकरांच्या, नाटकाचा विष्णुदास भाव्यांच्या, अनुवादाचा मामा वरेरकरांच्या. आणि ज्याची मातृभाषा मराठी आहे पण जो हिंदीत लिहितो, त्याच्यासाठी गजानन माधव मुक्तिबोधांच्या नावाचा.

गेल्या वर्षी तो कोणाला मिळाला, हे इथे बसलेल्यांपैकी कोणी सांगू शकणार नाही. त्यात तुमचा दोष नाही. पण ज्यांच्या नावाने तो दिला जातो त्यांचंही आपण काही वाचलेलं नसतं, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच. नामदेवांपासून मुक्तिबोधांपर्यंत सातशे वर्षं मराठी माणूस हिंदीत जाऊन काय काय करून आला, याचा दाखला त्या नावांच्या यादीत आहे. आपण तो मंत्रालयाच्या फायलीत ठेवून दिला आहे.

हा विषय पौडला कशासाठी, असं काहींच्या मनात आलं असेल. दोन कारणं आहेत. पहिलं, ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांनी आयुष्यभर इथल्या पोरांना हिंदी शिकवली, राष्ट्रभाषा सभेच्या ‘प्रबोध’, ‘प्रवीण’, ‘पंडित’ या परीक्षांना बसवलं, आणि स्वतः डायरी लिहिली ती मात्र मराठीत. दुसरं कारण ताजं आहे. 16 एप्रिल 2025 ला सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, जूनमध्ये त्या आदेशाची भाषा जरा मवाळ केली, आणि 29 जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत हिंदी या विषयावर इतकं बोललं गेलं, पण हिंदीतल्या एकाही पुस्तकाचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. सक्तीला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. सहा वर्षांच्या लेकरावर तिसरी भाषा लादणं मला पटत नाही. मात्र सक्ती गेली म्हणून माधवराव सप्रेही गेले, असं होऊ नये.

सप्र्यांपासूनच सुरुवात करतो, कारण त्यांचा आणि मुळशीचा संबंध मला लावायचा आहे. कागदोपत्री तसा तो नाही.

माधवराव सप्रे 1871 साली आजच्या मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यात, पथरिया गावी जन्मले. 1900 मध्ये त्यांनी पेंड्रासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं मासिक काढलं. 1907 मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केलं. नावावरूनच कळतं की टिळकांचा केसरी त्यांना हिंदीत न्यायचा होता. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना पकडलं. घरच्यांच्या दबावाखाली माफी लिहून दिली, सुटले, आणि त्या माफीची बोच त्यांना पुढे सुखाने जगू देईना. त्या काळात या माणसाने समर्थांचा दासबोध हिंदीत आणला, पुढे टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला तो ग्रंथ उत्तर हिंदुस्थानाने वाचला तो सप्र्यांच्या हिंदीतून.

याच सप्र्यांनी 1901 साली आपल्या मासिकात एक छोटी गोष्ट छापली, ‘एक टोकरी भर मिट्टी’. हिंदीतली पहिली कथा कोणती यावर हिंदीचे प्राध्यापक अजून भांडतात, आणि त्या भांडणात हिचं नाव पहिल्या दोन-तीनांत असतंच. गोष्ट दीड-दोन पानांची. जमीनदाराच्या वाड्याला लागून एका गरीब विधवेची झोपडी. वाड्याचं आवार वाढवायचं म्हणून त्याला ती जागा हवी असते. म्हातारी हटत नाही, तेव्हा तो वकिलांच्या मुठी गरम करून कोर्टातून झोपडीचा कब्जा घेतो. एक दिवस ती टोपली घेऊन येते. म्हणते, नातीने अन्न सोडलंय, आपल्या घरी चल म्हणते. या झोपडीतली टोपलीभर माती न्यायची आहे, तिची चूल करीन, त्या चुलीवरची भाकरी ती खाईल. जमीनदार परवानगी देतो. ती माती भरते आणि त्यालाच विनंती करते, जरा हात लावा, डोक्यावर घेते. तो आधी रागावतो, मग तिची गयावया बघून टोपलीला हात घालतो. टोपली उचलत नाही. म्हातारी विचारते, एवढीशी माती तुम्हाला उचलेना, मग या झोपडीतली हजारो टोपल्या माती जन्मभर कशी पेलणार? जमीनदार वरमतो, माफी मागतो, झोपडी परत देतो.

ही गोष्ट छापून आली त्यानंतर वीस वर्षांनी, 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू केला. टाटांच्या वीज कंपनीला मुळा नदीवर धरण बांधायचं होतं, मुंबईला वीज न्यायची होती. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट तुरुंगात गेले, पुन्हा गेले. पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या अनेकांच्या आज्यांनी ते सांगितलेलं आहे. धरण झालं. सप्र्यांच्या गोष्टीतला जमीनदार वरमला. कंपन्या वरमत नसतात. गोष्टीचा शेवट मला म्हणूनच थोडा भाबडा वाटतो. पण टोपलीचा तो प्रसंग, स्वतःच्याच चुलीसाठी स्वतःच्याच जागेतली माती मागायला लागणं, तो मुळशीत बसून वाचताना वेगळा लागतो. आणि पुढे शंभर वर्षांनी धरणाऐवजी फार्महाऊस आणि टाउनशिप आल्या, त्या व्यवहारांवर 2018 साली ‘मुळशी पॅटर्न’ नावाचा सिनेमाही निघाला, तेव्हा त्या टोपलीचं वजन काही कमी झालेलं नव्हतं. ही गोष्ट आपल्या तालुक्यातल्या आठवीच्या वर्गात शिकवली जायला हवी, मराठीतून शिकवली तरी चालेल.

सप्र्यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय भोपाळला आहे. आपल्याकडे त्यांच्या नावाचा एखादा चौकही माझ्या पाहण्यात नाही.

पराडकरांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण वेळ मुक्तिबोधांसाठी राखायचा आहे. बाबूराव पराडकर काशीत मराठी घरात 1883 मध्ये जन्मले. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर, म्हणजे बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून इंग्रजांच्या रोषाला पात्र झालेले मराठी गृहस्थ. मामाने बंगाली जिंकली, भाच्याने हिंदी. मामाच्या त्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद भाच्यानेच केला. 1920 मध्ये काशीहून ‘आज’ हे दैनिक निघालं आणि पराडकर त्याचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे गुरू ठरले. राष्ट्रपती, मुद्रास्फीती असे शब्द हिंदीत रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. सरकारने छापखाने बंद केले तेव्हा ‘रणभेरी’ नावाचं गुप्त पत्रक निघालं, त्यातही त्यांचा हात. 1938 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एखाद्या हिंदी भाषक माणसाला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्ष करायची कल्पना करून बघा. नुसती कल्पना करा, ठराव मांडू नका.

आता मुक्तिबोध.

घराणं मूळचं खानदेशातलं. पणजोबा जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात गेले. वडील माधवराव पोलिसात अंमलदार. गजानन माधव 13 नोव्हेंबर 1917 ला श्योपूरला जन्मले, उज्जैन-इंदूरकडे वाढले. घरात मराठी, रस्त्यावर माळवी, शाळेत हिंदी. धाकटे भाऊ शरच्चंद्र याच घरात वाढले. एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ. थोरल्याने हिंदी घेतली, धाकट्याने मराठी. शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’ मराठीच्या विद्यार्थ्यांना माहीत आहेत, ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या कादंबऱ्याही. त्यांच्या समीक्षेच्या पुस्तकाला, ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ला, 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोरल्या भावाच्या नावापुढे तो पुरस्कार नाही.

कसा असणार? 1943 मध्ये अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ काढलं, सात नव्या कवींचं संकलन, आणि हिंदी कवितेने कूस बदलली. त्या सातांत दोन मराठी घरांतले होते: मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे. माचवे पुढे दिल्लीला साहित्य अकादमीत गेले, सत्तरीच्या दशकात तिचे सचिव झाले. मुक्तिबोध मात्र मास्तरकी, मासिकं, नागपूरचं आकाशवाणी केंद्र, ‘नया खून’ नावाचं साप्ताहिक असे फिरत राहिले, आणि 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून स्थिरावले. स्थिरावले म्हणायचं एवढंच. उधारी, बिड्या, रात्रीची जागरणं, मोठं कुटुंब. दीर्घकविता लिहायचे आणि त्या संपायच्याच नाहीत. पुन्हा लिहायचे, कापायचे, वाढवायचे. 1962 मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या शालेय पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. ज्याच्या नावाने एक सरकार पुरस्कार देतं त्याच्या पुस्तकावर दुसऱ्या सरकारने बंदी घातली होती, हे पुरस्काराच्या मानपत्रावर छापत नसतात.

1964 च्या सुरुवातीला त्यांना पक्षाघात झाला. आधी भोपाळ, मग लेखक मित्रांनी खटपट करून, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत पोहोचून, त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये नेलं. तिथेच 11 सप्टेंबर 1964 ला ते गेले, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाने काढला. तो बघणं त्यांच्या नशिबी आलं नाही. आज हिंदीत एम.ए. करणारा एकही विद्यार्थी मुक्तिबोध टाळून पुढे जाऊ शकत नाही. मणी कौल यांनी त्यांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला.

त्यांची ‘अँधेरे में’ ही दीर्घकविता गेल्या शतकातल्या हिंदी कवितेचं शिखर मानली जाते. मी ती इथे म्हणून दाखवणार नाही, दीड तास लागेल आणि तुमची शेवटची एसटी चुकेल. पण त्यातलं एक दृश्य सांगतो. रात्रीचं शहर, लष्करी कायदा लागलेला, एक माणूस पळतो आहे. मध्यरात्री त्याला एक विचित्र मिरवणूक दिसलेली आहे. तिच्यात सैन्याचे अधिकारी आहेत, नेते आहेत, उद्योगपती आहेत, गावगुंड आहेत, आणि त्यांच्यासोबत प्रतिष्ठित कवी-समीक्षकही आहेत. दिवसा वेगवेगळे वावरणारे हे सगळे रात्री एका रांगेत चालतात. पळता पळता तो एका चौकात पोहोचतो. तिथे टिळकांचा पुतळा आहे, दगडी. तो पाहत असतानाच दगड थरथरतो आणि पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहू लागतं. हिंदीतल्या या सर्वांत मोठ्या कवितेच्या मधोमध लोकमान्य उभे आहेत, आणि ते तिथे आले ते एका मराठी घरातून. आपण दर वर्षी 1 ऑगस्टला टिळकांवर भाषणं करतो. त्या पुतळ्याला कोणी आठवत नाही.

आणखी एक. त्या मिरवणुकीत कवीही आहेत, हे मुक्तिबोधांनी विसरू दिलं नाही. पुरस्कारांच्या जगाकडे मी त्यांच्या नजरेने बघायला लागलो की जरा अडचण होते. सरकारी पुरस्कार म्हटला की तो देणाऱ्याचा हातही आला. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या राज्यानेच एका अनुवादित पुस्तकाला जाहीर केलेला वाङ्मय पुरस्कार काही दिवसांत शासन निर्णय काढून रद्द केला. मग साहित्य संस्थांवरून राजीनामे आले, काहींनी आपले पुरस्कार नाकारले. ते पुस्तक चांगलं की वाईट, हा वेगळा वाद. परीक्षकांनी दिलेलं सरकार काढून घेतं, हे एकदा दिसलं की पुढच्या वर्षीचा परीक्षक शिफारस लिहिताना आधी खिडकीबाहेर बघतो. हिंदी अकादमीला हे लागू नाही असं समजायचं कारण नाही. तिचाही अर्थसंकल्प त्याच मंत्रालयातून येतो.

तरीही मी हे पुरस्कार बंद करा म्हणणाऱ्यांतला नाही. माझं म्हणणं असं की हा पुरस्कार मराठी वाचकाच्या कामाचा करा. आज काय होतं? नागपूरच्या, मुंबईच्या, संभाजीनगरच्या एखाद्या हिंदी कवीला संत नामदेव पुरस्कार मिळतो. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांच्यासाठी 2015 मध्ये आपण पंजाबात घुमानला साहित्य संमेलन नेलं. त्या नामदेवांच्या नावाचा पुरस्कार मिळालेलं पुस्तक मात्र पुणे जिल्ह्यातल्या एका मराठी वाचकापर्यंत येत नाही. शाल, श्रीफळ, धनादेश, फोटो. पुस्तक लेखकाच्या घरी, उरलेल्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात.

उलट्या दिशेची वाहतूक बघा. तेंडुलकर हिंदीत आहेत, दया पवार आहेत, ढसाळ आहेत. चंद्रकांत देवताले यांनी दिलीप चित्रे हिंदीत नेले. या देवतालेंचं आडनाव मराठी, जन्म बैतूल जिल्ह्यातला, पीएच.डी. मुक्तिबोधांवर, आणि 2012 चा हिंदीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. अनुवादक चंद्रकांत पाटलांसारखे मोजके लोक दोन्ही बाजूंनी वाहतूक करत राहिले. पण एकूण हिशेब केला तर मराठी वाचकाची हिंदी ही सिनेमा, गाणी आणि बातम्यांपुरती उरली आहे. आपल्याला हिंदी येते, म्हणून हिंदी पुस्तकाचा अनुवाद कशाला हवा, असा आपला समज आहे. आणि येते म्हणून मूळ वाचतो, तेही नाही.

आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कारात एक चांगली अट आहे. रक्कम 50 हजार पौंड, आणि ती लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. 2022 मध्ये गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला तो मिळाला तेव्हा डेझी रॉकवेल यांचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात आलं. मुक्तिबोधांच्या नावाच्या पुरस्कारालाही हे सहज करता येईल. पुरस्कार जाहीर झाला की वर्षाच्या आत ते पुस्तक मराठीत यावं, अनुवादकाला वेगळं मानधन मिळावं, आणि त्याची एक प्रत प्रत्येक ‘अ’ वर्ग ग्रंथालयात जावी. मराठी माणसाने हिंदीत लिहिलेलं पुस्तक मराठी माणसाला वाचायला मिळावं, एवढीच मागणी आहे. यात कोणत्या अस्मितेला धक्का बसतो, मला कळत नाही.

आता इथल्या तालुक्याकडे येतो. हिंजवडी आणि माण मुळशीत येतात, हे पुण्यातले लोक विसरतात. त्या बाजूला लॅपटॉपवाले आहेत. या बाजूला पिरंगुट, उरवडे, भरे इथल्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडातून आलेले कामगार आहेत. भूगावच्या भाजीच्या गाड्यावर दोन मराठी माणसं एकमेकांशी पाच मिनिटं हिंदीत घासाघीस करतात आणि मग ‘अहो, तुम्ही मराठीच का?’ म्हणून हसतात. हे रोज चालतं. सरकारचा कुठलाही आदेश येण्याआधीपासून हिंदी इथे आलेली आहे, खोलीचं भाडं भरून राहते आहे.

आणि त्या भाड्याच्या खोल्यांतली पोरं कुठे जातात? बरीचशी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात. घरात भोजपुरी, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी. इथले शिक्षक समोर बसले आहेत, त्यांना विचारा: पहिलीला ‘ळ’ म्हणताना अडणारं पोर चौथीत शिवरायांवर मराठीत भाषण करतं. वासुदेवपंत मुक्तिबोध जळगाव सोडून गेले आणि त्यांचा पणतू हिंदीचा मोठा कवी झाला. तीच वाट आता उलटी चालू आहे. द. रा. बेंद्रे मराठी घरातले. त्यांनी कन्नडला 1973 चं ज्ञानपीठ मिळवून दिलं. कन्नड लोकांनी त्यांना वरकवी म्हटलं, आईची भाषा विचारत बसले नाहीत. देवरिया किंवा सिवानहून आलेल्या बापाचं एखादं पोर पिरंगुटच्या शाळेतून उद्या मराठीत लिहायला लागलं, तर आपण त्याला काय म्हणणार आहोत, याचा विचार आतापासून केलेला बरा. कारण ते लिहिणार हे नक्की आहे. ज्या घरात दोन-तीन भाषा एका वेळी नांदतात, तिथे लिहिणारं कोणीतरी निघतंच. सप्रे, पराडकर, मुक्तिबोध सगळे अशाच घरांतले.

म्हणून आयोजकांपुढे एक सूचना ठेवतो. गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, तिला जोडून तालुक्यातल्या शाळांसाठी एक लहानसा वार्षिक पुरस्कार सुरू करा. अट एकच: मुलाच्या किंवा मुलीच्या घरची भाषा मराठी नसावी आणि लेखन मराठीत असावं. गोष्ट, कविता, आठवण, काहीही. निबंध नको, निबंध शिक्षकच लिहून देतात. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. रक्कम मोठी नसली तरी चालेल. पुस्तकं द्या, त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’चा मराठी अनुवाद असू द्या, तो मी करून देतो. निवडलेलं लेखन पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून, पाहुण्या वक्त्याच्या आधी, त्या मुलाने स्वतः वाचायचं, आणि आईबापांना पहिल्या रांगेत बसवायचं. कारखान्यातली पाळी बदलून घ्यावी लागेल, तेवढं पत्र आयोजकांनी द्यावं. परीक्षक म्हणून माझं नाव आताच टिपून ठेवा, मानधन नको. पहिल्या वर्षी तीन वह्या आल्या तरी चालतील. मी त्या नीट वाचीन.